कुऱ्हाडीला दांडा कोणी घालायचा?

दिवाळीनंतरच्या एका जुम्याला, नमाज आटोपून मी मशिदीच्या ओट्यावर बसलो होतो. एक कांदा उत्पादक बागायतदार जवळ येऊन बसले. भला माणूस, जकात हिशेबाने काढणारा. म्हणाले, "हजरत, एकदा खुतब्यात या मजुरांना सांगा. रेशन फुकट, बाईच्या खात्यात दीड हजार. आता कोणी वावरात यायला तयार नाही. माझा कांदा जमिनीत पडून आहे. आळस हराम आहे की नाही?" मी बोलतो म्हणालो आणि ते गेले.

पाव तास झाला नसेल, तोच शेजारच्या गावातून नमाजसाठी येणारा एक पन्नाशीचा माणूस चप्पल घालता घालता थांबला. इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "मौलाना, कुठे काम असेल तर सांगा. कसलेही चालेल. झाडलोटसुद्धा."

एकाच ओट्यावर, एकाच दुपारी ऐकलेली ही दोन वाक्ये गेले काही आठवडे माझ्या मनातून जात नाहीत. त्यांपैकी एकजण खोटे बोलत होता असे मानले असते तर माझे काम सोपे झाले असते, पण दोघेही खरे बोलत होते. मी चौकशी केली. आमच्या पिंपळनेर परिसरात आता लावणी-काढणीचे काम बहुतेक उक्ते जाते. एकराचा भाव ठरतो, मुकादम टोळी आणतो, टोळी दिवस उगवायच्या आत वावरात उतरते. टोळीत बहुतेक बाया आणि तरुण पोरे असतात. ज्याची कंबर दुखते त्याला टोळी सोबत घेत नाही, कारण त्याच्या संथ हाताचा भुर्दंड सगळ्यांना पडतो. आमचा हा पन्नाशीचा माणूस आयुष्यभर गोण्या उचलत आला. ट्रॉलीतून सुटा कांदा बाजारात येऊ लागला, गोण्या कमी झाल्या आणि त्याचे काम ओसरले. बागायतदाराला टोळी मिळत नव्हती, मजुराला टोळीत जागा मिळत नव्हती. एकाच शिवारात कामाला माणूस नाही आणि माणसाला काम नाही, असे चित्र होते. ते आळसामुळे झालेले नव्हते.

त्यात हंगामाची गोष्ट आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीची पेरणी-निंदणी, दिवाळीच्या आसपासची काढणी, थंडीतली उन्हाळी कांद्याची लावणी, मार्च-एप्रिलची काढणी. या दिवसांत हात कमी पडतात. मधल्या दिवसांत तेच हात बाजारपेठेच्या कट्ट्यावर रिकामे बसतात. शेतकऱ्याला मजूर आठवतो तो टंचाईच्या आठवड्यात. मजुराच्या पोटाला मात्र वर्षाचे बावन्न आठवडे असतात. म्हणून साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील भिल्ल आणि कोकणा कुटुंबे दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीला बांधून गुजरातच्या ऊसपट्ट्याकडे निघतात. आमच्याच तालुक्यात भाडण्याला पांझरा-कान सहकारी साखर कारखाना आहे. तो कित्येक वर्षांपासून बंद आहे. आपला कारखाना बंद, आणि आपली माणसे दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यांसाठी ऊस तोडतात. तालुक्याच्या माळावर पवनचक्क्या फिरतात, शिवाजीनगरला मोठा सौर प्रकल्प आहे. पण वारा आणि ऊन गोळा करायला फारशी माणसे लागत नाहीत.

वाचकहो, प्रश्न असा आहे: ज्याचे हातपाय धड आहेत, त्याने सरकारी धान्य, अनुदान, भत्ता घेणे हे इस्लामच्या दृष्टीने मागणे आहे काय? आणि ते मागणे असेल, तर आपण त्याला दोष द्यावा काय?

मागण्याविषयी आपल्या धर्माची शिकवण कडक आहे, ती मी मवाळ करून सांगणार नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी देणाऱ्या वरच्या हाताला घेणाऱ्या खालच्या हातापेक्षा श्रेष्ठ म्हटले. दोरी घेऊन डोंगरावर जावे, पाठीवर मोळी आणून विकावी, हे लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा बरे, असे सांगितले. हजरत दाऊद (अलै.) बादशाह असूनही स्वतःच्या हातच्या कमाईचे खात, हे आपल्याला मुद्दाम कळवले. इमाम अबू हनीफा यांचे शिष्य इमाम मुहम्मद अश-शैबानी यांनी तर कमाई या एकाच विषयावर 'किताबुल कसब' हा ग्रंथ लिहिला. पोटापुरते कमावणे फर्ज आहे, आणि तवक्कुलच्या नावाखाली हातावर हात ठेवून बसणे हा तवक्कुल नव्हे, ही त्यातील भूमिका. मदरशात आम्ही हे सगळे शिकलो, आणि मिंबरवरून हे सांगायला फार सोपे असते. ऐकणारे बहुतेक आधीच सहमत असतात.

परंतु याच विषयावरील एक हदीस आहे, तिच्यातले दोन शब्द मी पूर्वी घाईने वाचत असे. निरोपाच्या हजच्या वेळी प्रेषित (स.) सदका वाटत होते. दोन माणसे आली आणि मागू लागली. प्रेषितांनी (स.) त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. दोघे धट्टेकट्टे दिसले. तेव्हा ते म्हणाले की तुमची इच्छा असेल तर देतो, पण यात श्रीमंताला हिस्सा नाही आणि कमावत्या सशक्त माणसालाही नाही. हा प्रसंग अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. आता शब्द पाहा. केवळ 'कवी', म्हणजे सशक्त, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. 'मुक्तसिब', म्हणजे कमावता, हाही शब्द त्यांनी जोडला. ताकद शरीरात असते. कमाई मात्र एकट्या शरीरात नसते. तिला काम देणारा लागतो, बाजार लागतो, हंगाम लागतो. इमाम शाफई यांच्या पंथात सशक्त माणसाला जकात न देण्याविषयी अधिक काटेकोरपणा आहे, तरी त्याच पंथाचे इमाम नववी स्पष्ट लिहितात की ज्याला काम करायचे आहे पण कामावर ठेवणारा मिळत नाही, त्याला जकात घेणे हलाल आहे. आपल्या हनफी पंथात तर निसाबपेक्षा कमी संपत्ती असलेल्याला, तो कमावण्याजोगा असला तरी, जकात देता येते. त्याने मागत फिरू नये, एवढेच. म्हणजे ज्या दोन पंथांत या बाबीवर मतभेद आहे, ते दोन्ही आमच्या ओट्यावरच्या त्या माणसापाशी येऊन एकमत होतात.

आणखी एक बारकावा. त्या दोघांना प्रेषितांनी (स.) हाकलले नाही. नियम सांगितला आणि निर्णय त्यांच्या इमानावर सोपवला. आपण मात्र तहसीलच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे दंड लांबून मोजतो आणि निकाल देऊन मोकळे होतो.

आता ती प्रसिद्ध कुऱ्हाडीची गोष्ट. हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेली, तुम्ही ती अनेकदा ऐकली असेल, आळशी माणसाला टोमणा मारायला ती हमखास वापरली जाते. एक अन्सारी मागायला आला. घरात काय आहे, असे प्रेषितांनी (स.) विचारले. एक जाड कापड, अर्धे पांघरायचे, अर्धे अंथरायचे. आणि पाणी प्यायचा एक वाडगा. दोन्ही आणायला सांगितले. प्रेषितांनी (स.) त्या वस्तू आपल्या हातात घेऊन लोकांत लिलाव पुकारला. एकाने एक दिरहम म्हटले. यापेक्षा जास्त कोण देतो, असे त्यांनी दोन-तीनदा विचारले, तेव्हा दुसऱ्याने दोन दिरहम दिले. एका दिरहमचे घरच्यांसाठी अन्न घ्यायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड. कुऱ्हाड आणली तेव्हा तिला दांडा प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने बसवला. मग म्हणाले, जा, लाकडे तोड आणि वीक, पंधरा दिवस मला दिसू नकोस. तो दहा दिरहम कमावून परत आला.

आपण ही गोष्ट शेवटाकडून सांगतो: बघा, त्याने कष्ट केले आणि तो सावरला. ती सुरुवातीपासून वाचा. राज्याचा प्रमुख आणि अल्लाहचा प्रेषित एका गरिबाच्या फाटक्या कापडाचा लिलावदार झाला. जास्त भाव यावा म्हणून त्याने पुनःपुन्हा विचारले. भांडवलाआधी घरच्यांच्या जेवणाची सोय केली. हत्यार कर्जाने दिले नाही. दांडा स्वतः घातला. ज्या रानात लाकूड तोडायचे ते रान मोकळे होते आणि ज्या बाजारात विकायचे तो मदीनेचा बाजार जवळ होता. मुदतही दिली, पंधरा दिवस, आणि मुदतीनंतर विचारपूस केली. कष्टाचा उपदेश या सगळ्या व्यवस्थेच्या शेवटी येतो. आम्ही व्यवस्था गाळतो आणि उपदेश ठेवतो.

आमच्या भागातही गरिबाच्या हाती एक हत्यार दिले जाते, तो कोयता. ऊसतोडीच्या भाषेत 'कोयता' म्हणजे नुसते हत्यारही नव्हे; नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. माणसांची गणतीच हत्याराने होते. मुकादम हंगामाआधी उचल देतो. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात खर्च होते, आणि मग टनावारी मजुरीतून ती फेडत राहायची. हंगाम संपला तरी पुष्कळदा उचल संपत नाही आणि पुढच्या वर्षाचा कोयता आदल्या वर्षीच्या कर्जाने बांधलेला असतो. एक हत्यार माणसाला मागण्यातून सोडवते, दुसरे त्याला बांधून ठेवते. दोन्हीमध्ये घाम सारखाच गळतो. म्हणून 'काम करा' एवढेच म्हणणाऱ्याला मी अलीकडे विचारतो, की कुऱ्हाड म्हणता की कोयता?

काम ही भीक नव्हे, ते हक्काने मागता यावे, हा विचार भारतात प्रथम कायद्याच्या रूपात उभा राहिला तो आपल्या महाराष्ट्रात, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असायला हवी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूर येथे हा प्रयोग सुरू केला. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. आमच्या मोहल्ल्यातल्या वृद्धांना ते दिवस आठवतात. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्याचा खर्च भागवण्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून दरमहा काही रुपये गावातल्या मजुराच्या हजेरीपटाकडे वळले. कर म्हणजे जकात नव्हे, हे मी जाणतो, आणि कर भरला म्हणून जकात माफ होत नाही हेही दरवर्षी सांगावे लागते. तरीही, मिळवत्याच्या मिळकतीत न मिळवत्याचा ठरलेला हिस्सा असतो, ही गोष्ट मुसलमानाला नवीन वाटू नये.

2005 साली संसदेने हाच विचार देशभर नेला. फेब्रुवारी 2006 मध्ये ज्या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली त्यांत आपला धुळे जिल्हा होता. ग्रामीण कुटुंबाने काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यायचे, वर्षाला 100 दिवस, असे त्या कायद्याने ठरवले. नाही दिले तर पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा बेकारी भत्ता द्यायचा. 2025-26 या वर्षी महाराष्ट्रात ही मजुरी दिवसाला 312 रुपये होती. मागणीचा अर्ज नमुना 4 मध्ये करायचा आणि त्याची तारखेसह पोच घ्यायची. पोच हा या कायद्याचा प्राण आहे. तोंडी मागितलेल्या कामाचा पंधरावा दिवस कधीच उजाडत नाही.

पण आपल्या समाजात या अर्जाची सवय कमी. 2006 च्या सच्चर समितीने दाखवले होते की मुसलमान मोठ्या प्रमाणात स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगतो. हातगाडी, गॅरेज, भंगार, शिलाई. हजेरीपटावर नाव नसलेला माणूस धंदा बसला की थेट मागण्यावर येतो; मधली पायरी त्याला माहीतच नसते. आणि आता अकुशल कामालाही कुशलता लागते. जॉबकार्ड हवे, आधारला जोडलेले खाते हवे, कामावर दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटोची हजेरी हवी. फावडे मारण्याआधी एवढे टप्पे. मी मराठी विषय घेऊन बी. ए. झालो, त्याचा उपयोग खुतब्यापेक्षा लोकांचे अर्ज भरण्यात जास्त झाला आहे, हे मी हसत हसत सांगत असतो.

एका अर्जाची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. ती मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

2020 च्या टाळेबंदीनंतरचे दिवस होते. एक विधवा भगिनी निराधार अनुदानाचा अर्ज घेऊन माझ्या घरी आली. दोन लहान मुले. महिना हजार रुपयांच्या आसपास मिळणार होते. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे. मी पेन उघडून विचारले, वर्षाचे किती होतात? तिने बोटांवर मोजले. कांद्याची काढणी, निवड, थोडी निंदणी. वर्षात साधारण 110 दिवस, दिवसाला 200. म्हणजे 22,000. ती म्हणाली, "वीस लिहा ना मौलाना, सगळे तसेच लिहितात." मी पेन बंद केले. खोटी साक्ष हे महापाप आहे, हजार रुपयांसाठी आखिरत विकू नको, असे तिला चांगले पाच-सात मिनिटे समजावले. तिने मान खाली घालून ऐकले, कागदाची घडी केली आणि ती गेली. त्या रात्री मला समाधान वाटले होते, हे कबूल करतो.

तो हिशेब मी पुढे पुष्कळदा मांडला. 200 रुपयांनी 105 दिवस काम केले तर ती निराधार; 106 व्या दिवशी कामाला गेली तर निराधार नाही. 1,000 रुपये जास्त कमावल्यामुळे वर्षाचे बारा हजार गेले. त्याच वर्षी रोजगार हमीची मजुरी 238 रुपये होती. सरकारने स्वतः हमी दिलेले 100 दिवस कोणी पूर्ण भरले असते, तर 23,800 रुपये होऊन तो या रेषेबाहेर पडला असता. म्हणजे एका खिडकीतून राज्य 'काम कर' म्हणत होते आणि दुसऱ्या खिडकीतून 'काम केलेस, आता अनुदान नाही'. या बाईला आळशी कोणी केले असते, तर त्या रेषेने केले असते. ती मात्र वर्षभर राबत राहिली, कारण अनुदान तिला मिळालेच नाही.

तर मग मी वीस हजार लिहायला हवे होते काय? नाही. आजही मी लिहिणार नाही. रेषा अन्यायाची असली तरी खोटे हे खोटेच राहते, आणि ते एकदा सैल सोडले की ज्यांना गरज नाही तेही त्याच वाटेने आत शिरतात. ते कसे घडते, हे आपण पाहिलेच. जून 2024 मध्ये 'लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. पुढल्या वर्षी छाननी झाली तेव्हा अपात्र नावे लाखांनी निघाली. त्यांत सरकारी कर्मचारी होते आणि चक्क पुरुषही होते. हे लोक गरजेने खोटे बोलले नाहीत. मिळतेय तर का सोडा, या एका वाक्यावर त्यांनी घेतले. आपल्यापैकी कोणी असे घेत असेल तर त्याने कर्जदार म्हणून स्वतःकडे पाहावे. हे देणे एका माणसाचे नसून कोट्यवधींचे आहे, माफी मागायला सगळे सापडायचे नाहीत.

माझी चूक अर्जात नव्हती. 'किताबुल कसब'मध्येच मी एक मसला वाचलेला होता. गरजवंत बाहेर पडून मिळवूही शकत नसेल, तर ज्याला त्याची अवस्था कळली त्याच्यावर त्याला खाऊ घालणे फर्ज होते. आणि कळलेल्या माणसाकडे स्वतःच काही नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याला जाऊन कळवणे फर्ज होते. ती बाई हिंडूफिरू शकत होती, हे खरे; पण त्या वर्षी हिंडून उपयोग नव्हता. तिची अवस्था मला कळली होती, आकड्यांसह कळली होती. मी तिला खोट्यापासून वाचवले आणि माझे काम संपले असे समजलो. जकात काढणारी डझनभर घरे मला ठाऊक होती. मी एकालाही कळवले नाही. तिने स्वतःहून सांगितले नाही, म्हणून भागत असेल असे मी मानले. सूरह अल-बकराच्या 273 व्या आयतीत अशाच गरिबांचे वर्णन आहे: ते संकोचाने लोकांना चिकटून मागत नाहीत, म्हणून अजाण माणसाला ते सुखवस्तू वाटतात. ही आयत मी तोंडपाठ म्हणतो. तिच्यातला अजाण माणूस मीच निघालो.

नंतर 2024 च्या त्या योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये होती. तीच बाई, तेच राज्य. एका दारावर 21,000 ची पाटी, दुसऱ्या दारावर 2,50,000 ची. दुसऱ्या दारातून ती सहज आत गेली. दरमहा 1,500 रुपये तिच्या खात्यात येऊ लागले. एके दिवशी तिने मुलाकरवी विचारले, "न मागता आलेले हे पैसे हलाल आहेत का? मौलानांनी मागे नाही म्हटले होते." चार वर्षे तिने माझे पाच-सात मिनिटांचे प्रवचन जपून ठेवले होते.

मी तिला हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग कळवला. प्रेषित (स.) त्यांना काही देत, तेव्हा ते म्हणत, माझ्यापेक्षा गरजू असेल त्याला द्या. त्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले की जे लालसा न धरता आणि न मागता आले आहे ते घ्यावे, जे तसे आले नाही त्यामागे मन लावू नये. याच्या उलट हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांचा प्रसंग आहे. त्यांनी प्रेषितांकडे (स.) तीनदा मागितले, तीनदा मिळाले, आणि मग संपत्तीच्या मोहाविषयी जे ऐकले त्यानंतर त्यांनी शपथ घेतली की यापुढे कोणाकडून काही घेणार नाही. हजरत अबू बकर (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) यांच्या काळात त्यांचा हक्काचा वाटाही त्यांनी नाकारला, इतका, की हजरत उमरना (रजि.) लोकांना साक्षी ठेवून सांगावे लागले, मी यांना यांचा हक्क देतो आहे आणि हे घेत नाहीत. हकीम (रजि.) यांचा मार्ग थोर आहे. पण पाहा, घेण्याचे सोडणे हा घेणाऱ्याचा निर्णय होता. देणाऱ्याने देणे थांबवले नाही, उलट साक्षी ठेवले. दुसऱ्याच्या मुलांच्या ताटातून आपण हकीम (रजि.) यांचा संयम वसूल करू शकत नाही.

हजरत उमर (रजि.) यांचीच आणखी एक गोष्ट इमाम अबू यूसुफ यांच्या 'किताबुल खराज'मध्ये आहे. एक म्हातारा, आंधळा यहुदी दारोदार मागताना दिसला. उमर (रजि.) यांनी त्याला घरी नेले, काही दिले, आणि बैतुलमालच्या अधिकाऱ्याला कळवले की याचे तारुण्य आपण उपभोगले आणि म्हातारपणी याला टाकून दिले तर तो इन्साफ होणार नाही. त्याचा जिझिया माफ झाला. येथे मदतीचा आधार दया नाही, धर्मबंधुत्वही नाही. आयुष्यभर घेतलेल्या श्रमाचे ते देणे आहे. ज्याने तीस वर्षे आपल्या गोण्या उचलल्या त्याची कंबर कोणाच्या खात्यात मांडायची, हा प्रश्न मी त्या बागायतदार बंधूंपुढे ठेवला.

त्यांची बाजूही सांगतो. कांद्याचा भाव पडला की त्यांच्या हाती काढणीचा खर्चही राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मजुरी पट्टी झाल्यावर देतो, असे ते म्हणतात, कारण पैसा तेव्हाच येतो. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण त्यांनाही पाठ आहे. मी त्यांना भाव वाढवून देऊ शकत नाही. एवढेच म्हणालो की दीड हजार रुपयांना दोष देण्याआधी त्यांची दिवसावारी करून पाहा: दिवसाला 50 रुपये. पन्नास रुपयांसाठी कोणी अडीचशे-तीनशेची मजुरी सोडत नाही. फार तर अपमानाची मजुरी नाकारण्याएवढी हिंमत त्याला येते. ती आली तर आपल्याला खटकते का, हे आपण आपल्याला विचारावे. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "खटकते."

एक व्यवहाराची गोष्ट त्यांनीच काढली. जकात आपण सगळे रमजानमध्ये वाटतो. येता रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, म्हणजे काढणी सुरू होण्याच्या सुमारास, हाताला काम असेल तेव्हा. काम नसलेले दिवस उन्हाळ्याच्या अखेरीस येतात, तेव्हा तिजोऱ्या उघडत नाहीत. त्यांनी विचारले, वर्ष पुरे होण्याआधी जकात देता येते का? देता येते. निसाब असलेल्याने आगाऊ दिली तर ती अदा होते, हजरत अब्बास (रजि.) यांना तशी परवानगी मिळाली होती. रमजानचा सवाब मोठा आहे, पण उपाशी माणसाच्या वेळापत्रकाने दिलेली जकात कमी प्रतीची ठरत नाही. आता आमच्या मोहल्ल्यातील पाच घरांनी मे-जूनसाठी हिस्सा बाजूला ठेवायचे ठरवले आहे. ते टिकेल का, हे मला आज सांगता येणार नाही.

आणि तो पन्नाशीचा माणूस. बागायतदारांनी त्याला कांदा चाळीची राखण आणि खराब कांदा वेचण्याचे काम देऊ केले आहे, पण ते एप्रिलनंतरचे. तोवर काय? मी त्याच्यासोबत बसून नमुना 4 भरला. जॉबकार्ड होते, पेटीच्या तळाशी, कोरे. त्याने नाव लिहायला घेतले तेव्हा हात थरथरत होता, म्हणून सही मी सांगितली तिथे त्याने सावकाश केली. "हे मागणेच झाले ना, मौलाना?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, काम मागणे म्हणजे मागणे नव्हे, मदयनच्या विहिरीपाशी बेघर, भुकेल्या मूसांनीही (अलै.) आठ वर्षांच्या चाकरीचा करार पत्करलाच होता. त्याला ते कितपत पटले कोण जाणे.

पहिल्या दिवशी त्याला पोच मिळाली नाही, नंतर या असे सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो, कार्यालयातल्या बाकावर दोन तास बसलो, आणि शिक्का-तारखेची पोच मिळाली. त्याने ती रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. येत्या मंगळवारी पंधरावा दिवस भरतो. त्या दिवशी जुहरनंतर आम्ही दोघे पुन्हा तिथे जाणार आहोत.